एक लिंक आणि ३८ टीबी डेटा: मायक्रोसॉफ्टचं नेमकं काय चुकलं?

ड्राइव्हवरची फाइल शेअर करताना ‘लिंक असलेले कोणीही’ हा पर्याय आपण किती पटकन निवडतो ना? अशाच एका लिंकने मायक्रोसॉफ्टची पंचाईत केली होती.

कंपनीच्या एआय संशोधकांनी मॉडेल डाउनलोड करता यावं म्हणून गिटहबवर अझ्युर स्टोरेजची लिंक दिली होती. त्या लिंकमधून अख्खं स्टोरेज अकाउंटच उघडत होतं, हे विझ या सायबर सुरक्षा कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. एकूण ३८ टीबी डेटा! त्यात दोन कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरचे बॅकअप, पासवर्ड आणि टीम्सवरचे ३० हजारांहून जास्त मेसेज होते. ग्राहकांचा डेटा उघड झाला नाही, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं.

म्हणजे कुलूप कुणी तोडलंच नव्हतं. परवानगी देतानाच तीन चुका झाल्या होत्या.

१. किती दिसावं?
समजा, कॉलेजच्या सर्व्हरवर ‘नोट्स’, ‘निकाल’ आणि ‘पगार’ अशी तीन फोल्डर आहेत. विद्यार्थ्याने लॉगिन केलं की त्याला फक्त ‘नोट्स’ दिसावं आणि त्याच्यासाठी तेच सगळ्यात वरचं फोल्डर असावं. ही झाली व्हर्च्युअल डिरेक्टरी. पण नुसतं लपवून भागत नाही. पत्त्यात दोन टिंबं टाकून वरच्या फोल्डरमध्ये शिरायची युक्ती जुनीच आहे. म्हणून सर्व्हरने प्रत्येक वेळी परवानगी तपासायलाच हवी.

२. काय करता यावं?
डाउनलोडसाठी फक्त वाचायची परवानगी पुरली असती. इथे मात्र पूर्ण ताबा दिलेला होता. कुणीही फाइल डिलीट करू शकला असता, किंवा मॉडेलमध्ये घातक कोड मिसळू शकला असता. मग ते मॉडेल डाउनलोड करणारे सगळेच अडकले असते.

३. कधीपर्यंत?
लिंकची मुदत आधी ऑक्टोबर २०२१ पर्यंत होती. ती वाढवून थेट २०५१ केली गेली! शिवाय अशा प्रकारची टोकन किती बनवली गेली, याची यादी अझ्युरमध्ये दिसत नाही. मग जुनी लिंक लक्षात तरी कशी येणार?

आपलं ड्राइव्हही एक फाइल सर्व्हरच आहे. मार्कशीट आणि आधार कार्डचं अख्खं फोल्डर शेअर करण्यापेक्षा हवी ती एकच फाइल, ठरावीक ईमेलला, ‘व्ह्यूअर’ म्हणून द्या. काम झालं की अ‍ॅक्सेस काढून टाका. आणि आज जमलं तर तुमच्या जुन्या लिंक एकदा तपासा.