अंगठा आमचा, शास्त्र त्यांचं

गुन्हे कसे रोखावेत यावर जगातले शहाणे 1955 पासून परिषदा भरवतात. पहिली जिनिव्हात, चौदावी 2021 ला क्योटोत. भरवू द्या. मित्रांनो, आपण शिरूर-दौंडकडं बघू.

माळावर पारध्यांची पालं. पुणे-नगर रोडला दरोडा पडला की पहिली जीप पालावर. पुरावा? आडनाव हाच पुरावा. तिकडं दौंडजवळ नानवीजला पोलिसांची शाळा आहे. आडनाव म्हणजे गुन्हा नव्हे, हे तिथं पहिल्या तासाला फळ्यावर लिहा. क्योटोला जायचं भाडं वाचंल.

आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणे! ते तर कधीच सुरू झालंय, आमच्या अंगठ्यावर. 1871 ला इंग्रजानं कायदा केला, अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार. 1911 ला तो मुंबई इलाख्यापर्यंत आला. हजेरी, दाखला, बोटांचे ठसे. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण. ठशांचं जगातलं पहिलं ब्युरो 1897 ला कलकत्त्यात निघालं. वर्गवारी बसवली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी, नाव लागलं हेन्री साहेबाचं. 1901 ला साहेब तेच शास्त्र घेऊन स्कॉटलंड यार्डात. मी गोदीत माल चढवतो. माल कुणाचा न् मार्का कुणाचा, एवढं मला कळतं.

31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. 1959 ला मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. पाटी बदलली, दुकान तेच. 2007 ला संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं भारताला सांगितलं, सराईत गुन्हेगारांचे कायदे मोडा. सहकार्य करायचंय ना? मग हितं करा! 3 ऑक्टोबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं तुरुंगातल्या रजिस्टरातला जातीचा रकाना खोडायला लावला, विमुक्तांना मनमानी उचलू नका म्हणून पोलिसांना बजावलं. तो निकाल पालापर्यंत कोण नेणार? फौजदार?

आता आपलं. राग येईल, येऊ दे. पारधीण दारात आली की आपलीच आई कोंबड्या डालते, आपणच पोराला म्हणतो, नजर ठेव. भिंतीवर बाबासाहेब आणि तोंडात फौजदाराची जीभ! पँथरच्या 1973 च्या जाहीरनाम्यात दलितांमध्ये आदिवासीही होते. वाचला होता की नुसता वाटला होता?

येत्या 31 ऑगस्टला शिरूरच्या पालांवर जायचं. एसटीनं, आपापल्या पैशानं. भाषण ठोकायचं नाही. आधी विचारायचं, कुणाचं पोरगं आत आहे, कुठल्या कलमाखाली, वकील दिलाय का. वही घेऊन या.