मवाळ माणसाची पंचवीस वर्षं

राजेश टोपे सभागृहात आवाज चढवून कुणाच्या अंगावर धावून गेल्याचं एखाद्या वाचकाला आठवत असेल, तर त्याने जरूर कळवावं. मला तरी आठवत नाही. बाकं बडवणारे, कागद भिरकावणारे, राजदंडाकडे झेपावणारे आमदार आपण भरपूर पाहिले. हा इंजिनिअर गडी 1999 साली, वयाच्या तिशीत, जालना जिल्ह्यातल्या अंबडमधून विधानसभेत गेला तो फाइल काखेत धरून. 2004 ला पुन्हा अंबड, मतदारसंघ बदलल्यावर 2009, 2014 आणि 2019 ला घनसावंगी. सलग पाच वेळा. 2014 ला मोदी लाटेत भलेभले वाहून गेले, तेव्हाही हे आपले काठावर कोरडे.

हे कसं जमलं, याचं उत्तर स्वभावात शोधायची आपल्याला खोड आहे. मी ते पाण्यात शोधतो. घनसावंगी आणि अंबड तालुक्यांतून जायकवाडीचा डावा कालवा जातो. खाली गोदाकाठ, त्यावर जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळीचे बंधारे. पाणी आलं तिथे ऊस आला, आणि ऊस आला तिथे अंकुशनगरचा समर्थ सहकारी साखर कारखाना होताच. राजेशभैयांचे वडील, माजी खासदार अंकुशराव टोपे यांनी उभा केलेला. जोडीला मत्स्योदरी शिक्षण संस्थेच्या शाळा-कॉलेजं. म्हणजे पोरगं शिकायला यांच्याकडे, ऊस गाळायला यांच्याकडे.

आमच्याकडे फेब्रुवारी सरला आणि तुरा आलेला ऊस फडातच उभा असला की शेतकऱ्याची झोप उडते. रोज वजन घटतं. मग कारखान्याच्या चिटबॉयला फोन, गट ऑफिसला चकरा, ऊसतोडीच्या मुकादमाची मनधरणी, टोळी आली तर तिच्या चहापाण्याची सोय. 2021-22 च्या हंगामात मराठवाड्यात ऊस इतका झाला की उन्हाळा तापला तरी फड उभेच होते. अशा वेळी ज्याच्या काट्यावर आपला ऊस जायचा असतो, त्याला आवाज चढवायची गरजच काय? मवाळपणा परवडायलाही पाठीशी काही लागतं. मात्र पाठीशी एवढं असूनही जे गुरगुरतात ते या राज्यात पैशाला पासरी आहेत, हेही तितकंच खरं.

या मवाळपणाचं सोनं झालं ते कोरोनात. 9 मार्च 2020 ला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले आणि आरोग्यमंत्री म्हणून टोपे रोज टीव्हीवर दिसू लागले. तोवर राज्यभर फारसा कुणाला चेहऱ्याने माहीत नसलेला हा माणूस घराघरांत पोचला. आज किती रुग्ण, किती बरे झाले, किती दगावले, कुठे किती खाटा. आकडा लपवल्यासारखा वाटत नव्हता आणि फुगवून सांगितल्यासारखाही वाटत नव्हता. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना बातमीपेक्षा त्या आवाजाचा आधार वाटे. आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. महात्मा फुले जनआरोग्य योजना राज्यातल्या सगळ्यांना लागू झाली. खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटा सरकारने ताब्यात घेऊन दर बांधून दिले. कोरोनाची 4,500 रुपयांची चाचणी जूनमध्ये 2,200 वर आली आणि पुढे टप्प्याटप्प्याने उतरत गेली. याच काळात आई शारदाताई मुंबईत रुग्णालयात होत्या. 1 ऑगस्ट 2020 ला त्या गेल्या. त्या दिवसांत या गृहस्थाने रजा टाकली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं.

जीभ घसरली नाही असं नाही. विरारच्या रुग्णालयात आग लागून रुग्ण होरपळून मेले, तेव्हा ही काही राष्ट्रीय बातमी नव्हे अशा अर्थाचं बोलून गेले आणि सगळीकडून टीकेचे धनी झाले. पण माझा आक्षेप तिथे नाही. माझा आक्षेप आहे तो आरोग्य विभागाच्या भरतीला. सप्टेंबर 2021 मध्ये गट क आणि गट ड ची परीक्षा ऐन आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. पोरं एसटीत बसून परक्या जिल्ह्यातल्या केंद्राकडे निघाली होती. टोपेंनी दिलगिरी व्यक्त केली, तीही नेहमीच्या शांत सुरात. परीक्षा पुन्हा घेतली तर पेपर फुटला, खात्यातलेच अधिकारी अटकेत गेले आणि शेवटी परीक्षाच रद्द झाल्या. तिथे दिलगिरी पुरेशी नव्हती. तिथे टेबलावर हात आपटून परीक्षेच्या कंत्राटदाराला आणि स्वतःच्या खात्याला हलवणारा मंत्री हवा होता. सौम्यपणा रुग्णाच्या कामी आला, बेरोजगाराच्या नाही आला.

पुढचा काळ जालन्यासाठी सौम्य नव्हताच. 1 सप्टेंबर 2023 ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि सगळं राज्य अंबड तालुक्याकडे बघू लागलं. आंदोलनामागे टोपे असल्याचा आरोप सत्ताधारी बाकांवरून झाला, त्यांनी तो फेटाळला. डिसेंबरात जिल्हा बँकेच्या पदाधिकारी निवडीवरून जालन्यात त्यांच्या गाडीवर दगड आले. त्यांचा राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष फुटला तेव्हा ते शरद पवारांपाशीच थांबले. सत्तेची ऊब घेण्याची सोय असताना थांबले, हे नोंदवून ठेवायला हवं.

23 नोव्हेंबर 2024 ला शिंदेसेनेच्या हिकमत उढाण यांनी त्यांना 2,309 मतांनी हरवलं. त्याच दिवशी संगमनेरला आठ वेळचे आमदार बाळासाहेब थोरात पडले. लगेच अग्रलेख आले: मवाळांचे दिवस संपले. मला हे रडगाणं पटत नाही, कारण आपल्याच जिल्ह्याने ते खोटं ठरवलंय. भाजपचे रावसाहेब दानवे आणि राजेश टोपे, एक लोकसभेत आणि एक विधानसभेत, दोघेही 1999 सालीच निवडून गेले. एकाचं बोलणं रांगडं, दुसऱ्याचं मोजूनमापून. जून 2024 मध्ये दानवे लाखाहून अधिक मतांनी पडले आणि नोव्हेंबरात टोपे अगदी थोडक्यात. मतदाराने सूर बघितला नाही, पंचवीस वर्षांचा हिशेब बघितला. उढाणांना 2019 ला जेमतेम साडेतीन हजार मतांचा पल्ला कमी पडला होता. तो इशारा ज्याला वाचता आला नाही, त्याने नंतर लाटेला दोष देऊ नये.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख 11 वेळा आमदार झाले. तेही दोनदा हरले होते, 1972 आणि 1995 ला. ना कारखान्याच्या काट्याची ताकद, ना हयातभर मंत्रिपद, तरी माणसं परत त्यांच्याकडे आली. टोपेंना वय साथ देतंय. परत यायचं तर कारखान्याच्या गेटवरून नको, भरतीच्या रांगेत ताटकळलेल्या पोरांकडून यावं, असं माझं म्हणणं.

आणि एक नोंद. पाच वेळा आमदार, उच्चशिक्षणाचं खातं हाताखालून गेलेलं, आरोग्याचंही. वैद्यकीय शिक्षणाचं खातं वेगळं असतं हे मान्य करूनही सांगतो, जालन्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती 2023 मध्ये, टोपे विरोधी बाकावर बसलेले असताना.