पडद्यावरचा जमाखर्च

डिजिटल कॅमेरा हाती आला की आपण 'ऑटो'वर विसंबतो आणि मागच्या पडद्यावर चित्र उजळ दिसले की खूष होतो. माझ्या मते तो पडदा मुख्यतः आकडे वाचण्यासाठी आहे. रात्रीच्या स्नेहसंमेलनात भोवतालच्या काळोखामुळे अंधारे चित्रही तेथे लख्ख भासते. हिस्टोग्राम मात्र काळोखाला भुलत नाही. आलेख उजव्या भिंतीला टेकून उभा राहिला की पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या गेल्याच. जेपेग चित्रात त्या पुढे परत आणता येत नाहीत.

बाकी हिशेब आम्हा कॉमर्सवाल्यांना सोपा! एफ/८ वरून एफ/५.६ केले की प्रकाश दुप्पट, शटर १/१२५ चे १/२५० केले की निम्मा, जमाखर्च जुळला. मीटर मात्र सारे जग करडे समजतो, म्हणून काळ्या पडद्यापुढच्या नर्तकीचा चेहरा पुष्कळदा पांढराफटक करतो. तेथे मी एक स्टॉप उणे करतो. 'ऑटो'वाले हसतात, हसोत बापडे.