विमान शनिवारी निघालं, शनिवारीच पोचलं

आधी माझी चूक सांगते. पाचवीच्या वर्गात मी फळ्यावर गणित दिलं. सिंगापूर ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १५,३०० किमी. समजा, जुलैमध्ये विमान शनिवारी दुपारी १२ ला निघालं आणि तिकडे शनिवारीच संध्याकाळी ६ ला उतरलं. तर वेग किती? जगातल्या सर्वांत लांब थेट विमानप्रवासांपैकी हा एक, म्हणून मुद्दाम निवडला होता.

एका मुलाने लिहिलं, ताशी २,५५० किमी. मी फुली मारली. तो वही घेऊन आला, "बाई, भागाकार कुठे चुकला?"

भागाकार बरोबरच होता हो! चुकलं ते मी न शिकवलेलं. दोन्ही शहरांची घड्याळं वेगळी, उन्हाळ्यात न्यूयॉर्क सिंगापूरच्या १२ तास मागे. म्हणजे प्रवास ६ तासांचा नाही, १८ तासांचा. १५,३०० भागिले १८, ताशी ८५० किमी.

आपण 'वेग = अंतर ÷ वेळ' घोकून घेतो, पण वेळ कोणत्या घड्याळाची, हे विचारत नाही. स्थानिक वेळ आठवीच्या भूगोलात येते म्हणून तोवर थांबायचं, हे मला पटत नाही. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. पृथ्वीगोल आणि टॉर्च असेल तर पाचवीच्या मुलाला हे दहा मिनिटांत कळतं. आणि प्रवासी विमान ताशी ८५०-९०० किमी जातं एवढं ठाऊक असेल, तर २,५५० बघून त्यालाच शंका येईल. उत्तर शक्य आहे का, हे बघायची सवय आपण लावतच नाही.

अंतराचंही तसंच. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावली की फसगत होते. त्याऐवजी पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा. सिंगापूर-न्यूयॉर्क दोरा थेट उत्तर ध्रुवाजवळून जातो! मुलं अक्षरशः ओरडली. आमच्या गोलाचा विषुववृत्तावरचा घेर ९४ सेंमी, पृथ्वीचा सुमारे ४०,००० किमी, म्हणजे १ सेंमीला साधारण ४२५ किमी. दोरा भरला ३६ सेंमी. गुणाकार त्यांनीच केला. (प्रत्यक्षात वैमानिक वाऱ्याचा अंदाज घेऊन वाट बदलतात, हेही सांगितलं.)

पालकांना एकच विनंती. मुलाने "किती लांब आहे?" विचारलं की लगेच मोबाईलवरचा आकडा वाचून दाखवू नका. आधी दोरा द्या, आकडा नंतर पडताळायला घ्या.

त्या मुलाची फुली मी खोडली. दुसऱ्या दिवशी त्याने परतीचं गणित करून आणलं. न्यूयॉर्कहून शनिवारी सकाळी १० ला निघालेलं विमान सिंगापूरला रविवारी दुपारी ४ ला. "बाई, घड्याळात ३० तास दिसतात. मग येताना विमान ताशी ५१० नेच येतं का?" असं म्हणून स्वतःच हसला.