तारांगणातली कुजबुज

गेल्या हिवाळ्यात काठीच्या आपल्या शाळेत फिरते तारांगण आले. सभागृहात काळ्या कापडाचा घुमट हवेने फुगला आणि मुले, पालक, शिक्षक वाकून आत शिरले. माहितीपट चंद्रमोहिमांचा होता. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उमटलेले मानवाचे पहिले पाऊल, २००८ चे चांद्रयान-१ आणि शेवटी २३ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण ध्रुवाजवळ अलगद उतरलेले विक्रम. विक्रमचे पाय टेकताच घुमट टाळ्यांनी दुमदुमला.

अशा कार्यक्रमाचे यश आपण टाळ्यांवरून मोजतो. आमचे मत मात्र त्या दिवशी बदलले, आणि त्याला कारण आमचीच चूक.

निवेदन हिंदीत होते. अंधारात एक मुलगी सारखी कुजबुजत होती. आम्ही तिला दोनदा दटावले. बाहेर आल्यावर कळले की, ती पहिलीतल्या धाकट्या बहिणीला पडद्यावरचे सारे घरच्या भिली बोलीत समजावून सांगत होती. आम्ही तिला नव्हे, त्या वेळी घुमटातल्या एकमेव दुभाषाला गप्प बसवले होते.

नंतर प्रश्नांसाठी जेमतेम दहा मिनिटे उरली. एका मुलाने विचारले, "सर, चंद्रावरून आपली होळी दिसेल का?" मोठी माणसे हसली, आम्हीही हसलो. मुलगा खाली मान घालून बसला.

वास्तविक तो प्रश्न हसण्याजोगा नव्हता. काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते, तेव्हा फाल्गुनी पौर्णिमेचा चंद्र पश्चिमेकडे झुकलेला असतो. त्या मैदानात रात्र जागवलेल्या मुलालाच असा प्रश्न सुचतो. रात्री आम्ही कागदावर आकृती काढून पाहिली. पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांच्यामध्ये पृथ्वी असते, म्हणून चंद्राची उजळलेली बाजू पूर्ण दिसते. त्याच वेळी चंद्रावरून पाहणाऱ्याला पृथ्वीची अंधारी बाजू दिसते. आपली पौर्णिमा म्हणजे तिथून पाहिलेली पृथ्वीची अमावास्या! होळी पेटते ती त्याच अंधाऱ्या बाजूवर. तरीही सुमारे ३,८४,००० किलोमीटरवरून तिची ज्वाळा नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी परिपाठात आम्ही हे उत्तर सर्वांसमोर दिले आणि त्या मुलाची क्षमा मागितली. त्यानंतर आणखी सात-आठ हात वर झाले.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छांदस भाषेत बांधण्याची अनुमती मागितली. तथागतांनी ती नाकारली आणि बुद्धवचन स्वतःच्या बोलीत शिकण्यास सांगितले, असा त्या वचनाचा अर्थ अनेक विद्वान लावतात. मे १९५६ मधील नभोवाणी भाषणात बाबासाहेबांनी प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे एकत्र सांगितली. ज्याला निवेदनाची भाषा येते त्यालाच चंद्र कळणार असेल, तर तिथे प्रज्ञेची वाट समतेपाशीच अडते.

काहींचे म्हणणे असे की, मुलांना पुढे स्पर्धेत उतरायचे आहे, बोलीत गुंतवून त्यांना मागे का ठेवावे? मराठी, हिंदी, इंग्रजी त्यांना उत्तम यायलाच हवी, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु ज्या भाषेत प्रश्न सुचतो ती भाषा वर्गाबाहेर ठेवली, तर प्रश्नही बाहेरच राहतो. पालक त्या दिवशी गप्प बसले होते. त्यांच्या मौनाचा अर्थही आम्ही "यांना काय कळणार" असा घाईने लावला होता.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. तुम्ही या दोन्ही भाषांत वाढलात. पुढच्या वेळी तारांगण येईल तेव्हा एक दिवस काढून या. घुमटात मुलांशेजारी बसा आणि त्यांच्या बोलीत कुजबुजा. आम्ही दटावणार नाही. माहितीपट अर्धा तास चालला, तर प्रश्नांनाही अर्धा तास देण्याचे आम्ही ठरवले आहे.

जय भीम!