बिअरचे पिंप आणि कराराचे कलम

कामगारांनी एखादा हक्क कसा मिळवला याचा इतिहास चळवळीच्या ग्रंथांतून वाचावयास मिळतो. तो हक्क पुढे कसा गमावला गेला याची नोंद मात्र सहसा कोणी ठेवत नाही. गमावण्याच्या क्षणी लाठीमार झालेला नसतो, गोळीबार झालेला नसतो. पुष्कळदा टाळ्याच वाजलेल्या असतात. अशा एका क्षणाचे नेमके चित्र अमेरिकेतील एका विनोदी व्यंगचित्रमालिकेने रेखाटले आहे, आणि केवळ करमणूक म्हणून ते बाजूस सारणे कामगार कार्यकर्त्यांना परवडणारे नाही. 'द सिम्प्सन्स' या मालिकेचा 'लास्ट एक्झिट टू स्प्रिंगफील्ड' हा भाग ११ मार्च १९९३ रोजी फॉक्स वाहिनीवरून प्रथम दाखवला गेला. जे कोगन आणि वॉलेस वोलोडार्स्की हे त्याचे लेखक, मार्क कर्कलंड हे दिग्दर्शक.

मॅट ग्रेनिंग यांनी निर्माण केलेली ही मालिका डिसेंबर १९८९ पासून चालू आहे. व्यंगचित्रांची असली तरी ती मुलांसाठी नव्हे. अमेरिकन मध्यमवर्गाच्या जीवनावरील ते बोचरे भाष्य आहे. १९९२ साली राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी अमेरिकन कुटुंबांनी सिम्प्सन कुटुंबासारखे होऊ नये असे जाहीर भाषणात सांगितले होते, एवढे ते भाष्य त्या काळी प्रस्थापितांना खुपत होते. होमर सिम्प्सन हा या कुटुंबाचा कर्ता पुरुष स्प्रिंगफील्ड गावच्या अणुवीजकेंद्रात नोकरीस आहे. तो आळशी, खादाड आणि बुद्धीने बेताचा आहे. केंद्राचा मालक मॉन्टगोमेरी बर्न्स हा वृद्ध, अतिश्रीमंत आणि निर्दय आहे.

कथेचा आरंभ एका करारापासून होतो. युनियनबरोबरच्या नव्या करारातून दंतोपचाराची तरतूद काढून टाकायची असे बर्न्स ठरवतो. मोबदल्यात कामगारांना काय मिळणार? सभेसाठी बिअरचे एक पिंप, फुकट. सभागृहात ही अट वाचून दाखवली जाते आणि सभासद आनंदाने पिंपाकडे धावतात. करार जवळजवळ मान्य झालेला असतो. होमरही त्याच रांगेत उभा असतो. मात्र त्याच्या मुलीच्या, लिसाच्या, दातांना तारा बसवाव्या लागतील असे दंतवैद्याने नुकतेच सांगितलेले असते. दंतोपचाराची तरतूद आणि लिसाचे दात या दोन गोष्टी त्याच्या जड डोक्यात कितीतरी वेळ वेगवेगळ्या घोळत राहतात. अखेर त्यांचा सांधा जुळतो आणि तो ओरडून उठतो. ही तरतूद १९८८ च्या संपात मिळवलेली होती याची आठवण तो सर्वांना करून देतो. करार फेटाळला जातो आणि होमर युनियनचा अध्यक्ष होतो.

या प्रसंगात मोठे शहाणपण आहे. सभागृहातील एकही माणूस कामगारवर्गाचा शत्रू नाही. पाच वर्षांपूर्वी संप केलेली हीच माणसे आहेत. संपाची आठवण पुसट झाली, तेव्हा संपात मिळालेले कलम त्यांना कागदावरील एक ओळ वाटू लागले. आणि कागदावरील ओळीपेक्षा समोरचे पिंप नेहमीच अधिक खरे वाटते. होमरला जाग येते तीही सिद्धान्ताच्या अभ्यासाने नव्हे. घरातल्या मुलीचे दात आणि करारातील कलम यांचा संबंध त्याला उमगतो, एवढेच. संघटनेचे निम्मे काम हा संबंध प्रत्येक सभासदाच्या घरापर्यंत नेऊन पोहोचवण्याचे असते. ते थांबले की सभा ओस पडतात, नाहीतर पिंपासाठी भरतात.

दातांचा विषय लेखकांनी उगीच निवडलेला नाही. अमेरिकेत बहुसंख्य नोकरदारांचा वैद्यकीय खर्च मालकाने दिलेल्या विम्यातून भागतो आणि दंतोपचाराचा विमा बहुधा निराळा असतो. १९६५ साली वृद्धांसाठी सुरू झालेल्या 'मेडिकेअर' या सरकारी योजनेच्या मूळ स्वरूपातही दातांच्या नेहमीच्या उपचारांना स्थान नव्हते. जेथे आरोग्य हा नागरिकाचा हक्क नसून नोकरीची सवलत असते, तेथे मालकाच्या लेखणीच्या एका फटक्याने मुलाचे उपचार थांबू शकतात. तरतुदीवाचून लिसाच्या तोंडात बसवलेल्या स्वस्त, ओबडधोबड लोखंडी तारा पाहून प्रेक्षक हसतो. परंतु ज्या घरी दंतवैद्याचे बिल पेलत नाही, तेथे त्या हसण्याचा अर्थ वेगळा लागतो.

पुढे संप होतो. बर्न्स यंत्रमानवांकरवी केंद्र चालवू पाहतो आणि फसतो. मग साऱ्या गावाचा वीजपुरवठाच तोडतो. अंधारात कामगार एकत्र उभे राहतात, लिसा गिटार घेऊन गाते, आणि कामगार खचलेले नाहीत हे पाहून बर्न्स नमतो. तो तरतूद परत देतो, पण एका अटीवर: होमरने अध्यक्षपद सोडावे. अट मान्य होते. होमर आनंदाने जमिनीवर गोल गोल लोळू लागतो, आणि ज्याला आपण मुरब्बी डावपेची समजत होतो तो तसा नाही हे बर्न्सला कळून चुकते.

येथे विनोद संपतो आणि विचारास आरंभ व्हायला हवा. संघटनेने आपला अध्यक्ष कोण असावा हे ठरवण्याचा अधिकार मालकाच्या हाती दिला, आणि तोही दाताच्या उपचारांच्या बदल्यात. पहिल्या सौद्यात पिंप होते, दुसऱ्यात नेतृत्व आहे. पुढच्या करारात बर्न्स तेच कलम पुन्हा काढू पाहील तेव्हा सभागृहात उठून उभा राहणारा कोण असेल, हे कथा सांगत नाही. मालिकेने युनियनलाही सोडलेले नाही. आधीचा अध्यक्ष गुंडगिरीचा बळी ठरून मैदानाखाली गाडला गेल्याची सूचना तीत आहे. १९०९ सालच्या एका दृश्यात, कामगार एक दिवस संघटित होतील आणि पुढे त्यांच्या संघटना भ्रष्ट व सुस्त होतील, असे भाकीत एका पोरसवदा कामगाराच्या तोंडी घातले आहे. ही टीका झोंबणारी आहे. तिच्यातील सत्यांश नाकारून संघटनेचे कल्याण होणार नाही.

तथापि, मालक गाणे ऐकून नमतो हे चित्र त्या काळच्या अमेरिकेत खरे नव्हते. संपकऱ्यांच्या जागी कायमचे नवे कामगार नेमण्याची मुभा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९३८ मध्येच मालकांना दिली होती. ऑगस्ट १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी संपावर गेलेल्या ११,००० हून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना बडतर्फ केले आणि खाजगी मालकांना धीर आला. कॅटरपिलर कंपनीतील पाच महिन्यांचा संप एप्रिल १९९२ मध्ये, कायमचे बदली कामगार आणण्याची धमकी मिळताच, मागे घ्यावा लागला. हा भाग दाखवला गेला तो त्यानंतर वर्षभराच्या आत. अमेरिकेतील वेतनदार कामगारांपैकी १९८३ मध्ये २०.१ टक्के युनियनचे सभासद होते. २०२४ मध्ये ते प्रमाण ९.९ टक्के उरले. त्या देशातली पिंपे बिअरचीच होती असे नाही, पण सौदे पुष्कळ झाले.

आणखी एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. फॉक्स वाहिनी त्या वेळी रूपर्ट मरडॉक यांच्या मालकीची होती. याच मरडॉक यांनी १९८६ मध्ये लंडनच्या वॅपिंग येथे नवा छापखाना उभारून संपावर गेलेल्या सुमारे ६,००० छपाई कामगारांना कामावरून दूर केले होते. संपाची बाजू घेणारी कथा अशा मालकाला चालली, कारण तिच्यावर जाहिराती मिळत होत्या. पडद्यावरच्या बर्न्सला हसणारा प्रेक्षक पडद्यामागच्या मालकाला काही तोशीस लावत नाही. एवढेच नव्हे, तर संपाची ही कथा लिहिणाऱ्या लेखकांना या कामापुरते लेखक संघटनेच्या कराराचे संरक्षणही नव्हते. फॉक्सच्या अशा मालिकांच्या लेखकांना रायटर्स गिल्डचा करार १९९८ मध्ये मिळाला. तो विनोदातून मिळाला नाही. लेखक संघटित झाले म्हणून मिळाला.

यावरून उपहास निरुपयोगी ठरतो असे मुळीच नाही. दहा पत्रकांतून जे पोहोचत नाही ते बिअरच्या एका पिंपातून लाखो घरांत पोहोचले. मालकाची सर्वशक्तिमत्ता हास्यास्पद करून दाखवणे हेही भय घालवण्याचे काम आहे. मात्र भय गेल्यावर रिकाम्या झालेल्या जागी संघटना उभी राहिली नाही, तर हसणारा माणूस हसून झोपी जातो.

या भागाचा शेवट दंतवैद्याच्या खोलीत होतो. लिसाच्या दातांना चांगल्या तारा बसल्या आहेत आणि सारे कुटुंब खदखदून हसते आहे. मग कळते की गुंगीच्या वायूची तोटी उघडीच राहिली होती. हसणे आनंदाचे की वायूचे, हा प्रश्न त्या खोलीपुरता नाही. करमणुकीची तोटी अहोरात्र उघडी असलेल्या काळात तो कामगार वस्त्यांतही विचारावा लागेल. आणि प्रत्येक नव्या करारावर सही होण्यापूर्वी, जुन्या करारातले प्रत्येक कलम कोणत्या साली, कोणत्या लढ्यात मिळाले होते, हे भर सभेत वाचून दाखवावे लागेल.