राउटरची किल्ली कुणाकुणाकडे आहे?

खैरानी रोडवरच्या गाळ्यांपासून साकी विहार रोडच्या ऑफिसांपर्यंत, साकीनाक्यातलं बरंचसं इंटरनेट स्थानिक केबलवाल्याकडून येतं. त्याच्याकडे मायक्रोटिकचा राउटर असण्याची शक्यता दाट. या राउटरला वेबफिग नावाचं पान असतं. ब्राउझरमध्ये आयपी पत्ता टाकायचा, लॉगिन करायचं, टर्मिनल उघडायचं आणि थेट कमांड द्यायच्या.

मी याच धंद्यात आहे आणि या सोयीच्या अजिबात विरोधात नाही. जुलैच्या पावसात रात्री दोन वाजता गच्चीवर चढणाऱ्या पोरांना विचारा, घरबसल्या लाइन चालू करता येणं म्हणजे काय ते!

माझं भांडण आहे ते हे पान अख्ख्या जगाला उघडं ठेवण्याशी. खुद्द राउटरमध्येच 'आयपी सर्व्हिसेस'मध्ये जाऊन कुठल्या पत्त्यावरून लॉगिन चालेल ते ठरवता येतं. पाच मिनिटांचं काम. बाहेरून यायचं तर व्हीपीएनमधून या. पण ते करत नाहीत, कारण मालक म्हणतो, "आपण एवढेसे, आपल्याला कोण हॅक करतंय?"

जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या छोट्या-मध्यम इंटरनेट कंपन्यांवरच डीडॉस हल्ला झाला होता, सायबर पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागला. पुढच्याच वर्षी बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम बंद पडले. कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. २०१८ मध्ये मायक्रोटिकने एक भोक एप्रिलमध्येच बुजवलं (ते वेबफिगमध्ये नव्हतं, विनबॉक्समध्ये होतं), तरी काही महिन्यांनी अपडेट न केलेले लाखो राउटर वापरणाऱ्यांच्या ब्राउझरकडून दुसऱ्याच कुणासाठी क्रिप्टोचं खाणकाम करवून घेत होते. आणि मोठ्या ब्रँडवाल्यांनी हसू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्या आयओएस एक्सईच्या वेब पानातूनच, पासवर्ड माहीत नसताना, लेव्हल १५चा, म्हणजे सर्वाधिकारी, युजर बनवता येत होता. धोक्याचं माप दहापैकी दहा. सिस्कोनेच सांगितलं, इंटरनेटला तोंड असलेल्या उपकरणांवर हे पान बंद करा.

हल्ला करणारा प्रोग्राम कंपनी केवढी आहे ते बघत नाही, पत्त्यामागून पत्ता ठोठावत जातो. आत शिरला की डीएनएस बदलतो, आणि गाळ्यातला माणूस बँकेचं नाव टाइप करून भलत्याच पानावर पोचतो. ब्राउझर इशारा देतो, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना तो वाचतो कोण?

पोरांवर खापर फोडू नका. त्यांना शिकवलंय कुणी? पासवर्ड सगळ्या स्टाफला एकच, काम सोडून गेलेल्यालाही तोच पाठ.

तेव्हा सोसायटीच्या आणि गाळेधारकांच्या कमिटीवाल्यांनो, लाइनचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करताना स्पीड आणि डिस्काउंटच्या आधी एवढं विचारा: राउटरचं लॉगिन पान बाहेरून उघडतं का? शेवटचं अपडेट कधी केलं? प्रत्येकाला वेगळा युजर आहे का? उत्तर लेखी मागा. टाळाटाळ झाली तर शेजारच्या बिल्डिंगमध्ये दुसरा ऑपरेटर आहेच.